तुंबा सुटतो तेव्हा

(मुरबाड. लढाईचं चौथं वर्ष, फाल्गुन. चांगो लोहार नि त्याची बायको मैना यांच्या भात्यापुढे देवरामची जुनी उघडी मोटार उभी आहे. बैल जोडून ओढत आणलेली.)

देवराम : ...तर मी त्याला म्हटलं, करवतीनं कापायचं म्हणजे काय? ऊस हाय का तो?

मैना : कापा म्हणालं कोण?

देवराम : कल्याणचा एक फिटर. म्हणतो, देवराम, तुझं स्टेरिंग दांड्याला जन्माचं चिकटलंय. काप नि दुसरं बसव. दुसरं आणू कुठून, मामी? लढाई लागल्यापासून विलायतेहून एक खिळा येत नाय.

चांगो : पण ते काढायचं कशाला?

देवराम : दांड्याच्या खालच्या टोकाला दातेरी चाक असतं, मामा. त्याचे दात गेले. जुन्या बाजारात दुसरा दांडा मिळाला नशिबानं. पण हा जुना खाली ओढून घ्यायचा तर वरचं स्टेरिंग आधी निघालं पायजे. ते निघंना. आणि निघताना फुटलं, तर ही मोटार म्हणजे कोंबड्यांचं खुराडं. शहापूर-मुरबाड सर्विस खलास, मीबी खलास.

मैना : खुराडं झालं तर मला दे. माझ्या कोंबड्या उंडारतात.

देवराम : थट्टा नका करू, मामी.

चांगो : सरक. हात लावू दे.

मैना : अवो, पायरी बघा कशी केलीय मोटारीला, गुडघ्याएवढी उंच! याची म्हातारी चढते कशी, देव जाणे.

चांगो : हं. आलो वर. लाकडाची कडा. चार आरे. मधी दांड्यावर बसलेला तुंबा. अरे, हे तर गाडीचंच चाक, आडवं घातलेलं! नि इथं कोणीतरी घाव घातलाय.

देवराम : त्या फिटरनंच. एक घातला नि मी हात धरला.

चांगो : बरं केलंस. तुंबा बिडाचा हाय. बीड वाकत नाय, एकदम फुटतं. मैने, नटाच्या बुडाशी खरवड जरा. काय निघतंय?

मैना : गंज. तांबूस भुकटी. आणि ही... थांबा. ही गंजाची नाय. देवराम, हितं कुंकू कसं रे?

देवराम : दसऱ्याला पूजा नाय करायची? आई करते. हळदकुंकू, झेंडूचा हार, नारळ.

मैना : बाईजा नारळ फोडते कुठं?

देवराम : या मधल्या नटावर. टायरवर फोडून बघितला, उसळतो. नटावर एका घावात दोन भकलं. आई म्हणते, गाडीची बेंबी हाय ती, देवाला तिथंच पोचतं.

चांगो : आणि पाणी?

देवराम : पाणी... वाहून जातं की.

चांगो : कुठं?

देवराम : कुठं म्हणजे... आयला. आत?

चांगो : आत. नारळाच्या पाण्यात खार असतो. दर दसऱ्याला तुम्ही लोखंडाला खार पाजलात. गंजलेल्या लोखंडाला चांगल्या लोखंडापेक्षा जास्ती जागा लागते, देवराम. दांडा नि तुंबा यांच्यामधी केसाएवढी फट असंल. गंज तीत शिरला, फुगला, नि दोघांना दाबून बसला.

देवराम : म्हणजे हे आईनं केलं?

मैना : घरी जाऊन सांगू नको हां. बाईजानं भक्तीनं केलं. म्हणावं, पुढच्या खेपेला नारळ दगडावर फोड.

देवराम : ऐकणार नाय ती.

मैना : मग त्या दिवशी मोटार घेऊन पळून जा. आधी स्टेरिंग तर निघू दे.

देवराम : निघंल?

चांगो : बैलगाडीच्या चाकाला लोखंडाची धाव मी कशी चढवतो?

देवराम : तापवून. तापली की मोठी होते, लाकडावर बसते. पाणी ओतलं की आवळते.

चांगो : इथं त्याच्या उलट. तुंबा तापवायचा, आतला दांडा थंड ठेवायचा. तुंबा जरासा फुगला की पकड सोडंल.

देवराम : जाळ लावणार? मामा, कडा लाकडाची हाय! ती राहिली तर पायजे ना!

चांगो : जाळ भट्टीत. एक कडं लाल करतो, ते तुंब्याभोवती बसवतो. तेवढाच तापंल. लाकडाला ओलं पोतं गुंडाळ. आणि नट सैल कर, पण काढू नको. नाहीतर स्टेरिंग सुटून तुझ्या नाकावर बसंल.

देवराम : आणि वर ओढणार कसं? कल्याणला आमी तिघं लोंबकळलो होतो त्याला.

मैना : लोंबकळायला ती फांदी हाय का? तुंब्याखाली दोन आकडे घालायचे. आकड्यांवर ही आडवी पट्टी. पट्टी नि नट यांच्यामधी दोन पाचरी, एक इकडून, एक तिकडून. पाचर आत गेली की पट्टी उचलते, पट्टीबरोबर तुंबा. मी मारते आळीपाळीनं.

देवराम : तुमी मारणार?

मैना : मग इतकी वर्षं घण काय माझी सासू मारते?

चांगो : सांडशी कुठं ठेवलीस गो?

मैना : डाव्या हाताला, भिंतीकडं. उंदरासारखी पळते मेली.

देवराम : हाताशीच तर हाय, मामा. बोटाला लागत्येय... मामा. इकडं बघा जरा. मी कोणता हात वर केलाय?

मैना : देवराम.

देवराम : नाय मामी, सांगू द्या त्यांना. कोणता?

चांगो : तू कोणीतरी उभा हायस एवढं दिसतं. हात दिसत नाय.

देवराम : कधीपासून हे?

चांगो : लोखंडाचा ताव रंगावर ओळखायचा, तर जाळात बघावं लागतं. जन्मभर बघितलं. डोळे हळूहळू दुधाळले. गेल्या पावसाळ्यापासून नुसता उजेड नि सावली.

देवराम : गावात कोणाला माहीत?

मैना : आता तुला. उद्या तू बाजारात बोललास की परवा सगळे गाडीवान सरळगावच्या भात्यावर. आंधळ्याकडं बैलाच्या खुराला पत्री ठोकायला कोण देईल?

देवराम : म्हणजे ती पायरी... ती सांडशी... मघापासून तुमी उगाच नाय बोलत.

मैना : लोकं म्हणतात चांगोची बायको लय बडबडी. म्हणू देत.

देवराम : मामी, राग मानू नका. तुमचं दुःख मला कळतं. पण हे एकच स्टेरिंग हाय माझं. एक घाव जरी चुकला...

चांगो : तर बैल जोड. मी रागावणार नाय.

मैना : हो, ने. करवत कल्याणला वाट बघत्येय.

चांगो : टोचू नको त्याला, मैने. मोटार त्याची हाय, भीती त्यानंच धरायची. देवराम, मी एकच सांगतो. बीड न बघता फुटत नाय. न ऐकता फुटतं. फुटायच्या आधी ते सांगतं.

देवराम : त्या फिटरला दोन डोळे होते. घाव घालून झाल्यावर म्हणाला, आता बघू काय होतंय. ...भाता मी ओढू का, मामा?

चांगो : ओढ. सावकाश, बैल दम टाकतो तसा. मैने, कडं?

मैना : काळं. अजून काळंच... आता जांभळट. करवंद.

चांगो : ओढ रे.

मैना : तोंडलं पिकल्यागत झालं. लाल.

चांगो : आणखी.

मैना : पळस. हां, पळस फुलला.

चांगो : बस. सांडशी धरली मी. बोल.

मैना : पुढं या. पुढं. पायरी आली, चढा. आता हात पुढं, आणखी, थोडं तुमच्या अंगाकडं, खाली, खाली... सोडा.

देवराम : बसलं! बांगडी बसावी तसं बसलं!

चांगो : आकडे घाल लवकर. पट्टी. दांड्याला खालून ओलं फडकं लाव, देवराम. पाचरी?

मैना : टेकल्या. मारू?

चांगो : थांब. ऊब तुंब्यात पुरती शिरू दे. पण दांड्यात उतरायच्या आत मारायचं.

देवराम : ते कळणार कसं? आत कोण बघणार?

चांगो : वास घे.

देवराम : पोत्याचा येतोय. ओल्या गोणपाटाचा. आता... मामा, करपल्या गुळासारखा वास कुठून येतोय?

चांगो : तुझ्या आईचा नारळ. आत वाळून बसलेला. तिथपर्यंत ऊब पोचली. मार, मैने. डावी.

मैना : हं!

चांगो : उजवी. डावी. उजवी.

देवराम : काय सांगतोय आवाज?

चांगो : भरल्या मडक्यासारखा. धरून हाय अजून. डावी.

मैना : जोर वाढवू?

चांगो : नाय. हाच. उजवी. डावी... थांब! थांब!

देवराम : फुटलं? मामा, फुटलं का?

चांगो : चिरका वाजला. डाव्या अंगाला. आकडा बघ गो, जागेवर हाय?

मैना : थांबा, वाकते. ...सरकलाय. तुंब्याच्या अगदी कडेवर आलाय. घाईत घातला मी.

देवराम : म्हणजे पुढच्या घावाला कड उडाली असती!

मैना : उडाली असती. घण माझ्या हातात होता नि मला कळलं नाय.

देवराम : मी तर तिथंच डोळे फाडून बसलोय, मामी.

चांगो : बोलू नका, ऊब उतरत्येय. नीट बसवलास आकडा?

मैना : बसवला. पार आत.

चांगो : डावी. उजवी. हां, बदलतोय. मडकं रितं होतंय. डावी. जोर तोच. उजवी. आता एकच, डावी—

देवराम : अरे!

मैना : सुटला.

चांगो : ऐकला मी. काय छान वाजला.

देवराम : नट फिरवतो, थांबा... निघालं! मामी, धरा, हे बघा, हातात आलं! चीर नाय, टवका नाय. कडा जशीच्या तशी. अख्खं निघालं!

मैना : अरे, नाचू नको मोटारीत! कडं गरम हाय अजून!

देवराम : नाचू नको कसं? मुंबईला गोदीत वाफेचे हातोडे बघितलेत मी, मामी. त्यांचाबी घाव असा एका जागी, एका वजनाचा पडत नाय. जोर वाढवू का विचारलंत, नको म्हटल्यावर वाढवला नाय. मी असतो तर वाढवला असता.

मैना : म्हणून तर तुला भाता दिला.

देवराम : नि मामा तुमी! मी ऐकत होतो ना तुमच्याबरोबर, मला सगळे घाव सारखेच वाटले.

चांगो : पूर्वी मलाबी सारखेच वाटायचे. डोळे होते तोवर मी लोखंडाकडं बघायचो. हिचा घाव बघितलाच नाय कधी. आता ऐकतो. कंटाळली की घाव किंचित मागं पडतो. रागावली की पुढं.

मैना : पुरे. पोतं सोडा त्या लाकडाचं, फुगंल.

चांगो : आता घाव जरा पुढं पडला.

देवराम : मामा, डोळ्यांचं माझ्या तोंडून निघणार नाय. आईची शपथ. पण स्टेरिंगचं लोक विचारणारच. कल्याणचा तर पहिला विचारंल. काय सांगू, कोणी काढलं?

मैना : सांग, चांगोच्या भात्यावर निघालं. नेहमीसारखं.

चांगो : नाय. सांग, मैनेनं काढलं. मी ऐकत होतो.