अजून एक बाहेर आहे

नाही, कडी नको लावूस अजून – हात काढ तिथून, मनमाया, ती रडायला लागेल. आज पहिला दिवस तुझा, कळेल हळूहळू. रोज संध्याकाळी हे असंच. आई दारात उभी राहते, बोटांवर मोजते – हेनेख आला, पेसे आली, मोटल आला – आणि अडते. अजून एक बाहेर आहे म्हणते. कोण, ते हल्ली तिला आठवत नाही. मग कितीही उशीर होवो, दार उघडंच. तुझ्या आधीची बाई ह्यालाच कंटाळून गेली. मीही गेले असते, पण मी कुठं जाणार, मुलगी ना मी तिची – आमच्या वल्हांडणाच्या सणापासून, दहा-बारा दिवस झाले, हा जिना उतरलेली नाही मी.

कोण म्हणजे – भावंडं तिची, पोलंडातली. नाझींनी नेली सगळी, ही तेवढी शेजारणीच्या भट्टीमागे लपली म्हणून वाचली. थडगं नाही, फोटो नाही. डॉक्टर म्हणतात, कुठलंही नाव सांगा, म्हातारी शांत होईल. शहाणेच आहेत. कुठलंही कसं सांगू? त्या चौथ्या पोरीला नाव होतं ना तिचं. मला ठाऊक आहे की ते.

आता अशी बघू नकोस माझ्याकडे. आमच्या ज्यू लोकांत गेलेल्यांची नावं पोरांना ठेवतात – ते माझंच नाव होतं. झ्लाता. पाच वर्षांची होती ती नेली तेव्हा. आई मला भरवायची तेव्हा एक घास तुझा, एक घास तिचा, आणि दोन्ही माझ्याच तोंडात. मी हसले की ही डोळे पुसायची, झ्लाता अशीच हसायची म्हणून. शाळेत पोरं जुनाट नाव म्हणून चिडवायची ते वेगळंच. अठरा पुरी झाली आणि बदलून टाकलं. ओर्ना. ह्या नावाचं आमच्यात कोणी मेलेलं नव्हतं. काय मोकळं वाटलं म्हणून सांगू – आई किती दिवस बोलली नाही, मग तीही ओर्नाच म्हणायला लागली, आणि आता बघ.

उद्या सकाळी देशभर भोंगा वाजेल, घाबरू नकोस, तो त्यांच्याच आठवणीचा असतो. बसगाड्या थांबतील, माणसं भर रस्त्यात उतरून उभी राहतील – नाझींनी मारलेल्या साठ लाखांसाठी. मीही राहते दरवर्षी, चांगली ताठ. आणि इथं दाराबाहेर एक पोर ताटकळलीय, तिला आत घेणारं कोणी नाही. मी गप्प राहिले तर आई गेल्यावर जगात कोणाला कळायचं नाही की अशी एक मुलगी होती – म्हणजे ज्यांनी तिला नेलं त्यांचं उरलेलं काम मीच पुरं केलं, नाही का? आणि सांगितलं, तर आई माझ्याकडेच झ्लाता म्हणून बघेल. मग मरेपर्यंत मी पाच वर्षांची.

ऐकलंस? लागली मोजायला. तू जा, सूप गरम कर तिचं – जा म्हणते ना, इथं उभी राहू नकोस.

हो गं आई. पुरे आता, नको मोजूस. झ्लाता आलीय. ही बघ ना, आले मी – लाव कडी.