ज्याच्या त्याच्या काठ्या

डोंगरातल्या छोट्या टपाल ऑफिसात लोर्ना पार्सल घेऊन रांगेत उभी होती. तिच्या पुढे दोन काठ्यांवर भार टाकलेला एक म्हातारा आणि पाठीवर पिशवी घेतलेली त्याची मुलगी.

“जूनी, तंबू पार्सलनं घरी पाठव आणि माझ्याबरोबर बसनं परत चल.”

“गुडघा तुझा गेलाय बाबा, माझा नाही. कॅनडाची हद्द आता आठ दिवसांच्या चालीवर आलीय.”

“आठ दिवस या फडक्यात झोपणार? पहाटे नाकावर पाणी गळतं.”

“ते आपल्याच श्वासाचं. त्यातलं निम्मं तुझ्या घोरण्याचं.”

“आणि यासाठी तीन महिने वाट बघितलीस!”

“तंबू शिवणारी ती बाई गॅरेजमध्ये एकटीच काम करते. परवाच्या गारपिटीत एक तरी टाका उसवला?”

“टाक्यांना मी कुठं नावं ठेवतोय? पण याला खांब कुठंयत?”

“चालायच्या काठ्यांवर उभा राहतो, म्हणून तर घेतला. खांबांचं वजन वाचलं.”

“कुणाच्या काठ्यांवर?”

“तुझ्या.”

“वजनापायी तू टूथब्रशचा दांडासुद्धा कापलास. स्वतःच्या काठ्या घेतल्याच नाहीस. आता?”

“फांद्या तोडेन.”

“वर खिंडीत झाडं आहेत?”



“पुढचे या,” खिडकीतली बाई म्हणाली. “काय पाठवायचंय?”

म्हाताऱ्यानं एकेक करून दोन्ही काठ्या मुलीच्या हातात दिल्या आणि काउंटर घट्ट धरला.

“पाठवायचं काही नाही, बाई. बसथांबा कुठं आहे? आणि तिथवर धरायला कठडा आहे का?”