बातमीविना एक महिना

डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी बसलेल्या आजोबांचा रक्तदाब नर्स मोजत होती.

“एकशे सत्तर! आजोबा, हा उतरला नाही तर आजही ऑपरेशन रद्द. बातम्या बंद करा म्हटलं होतं ना?”

“महिनाभर टीव्ही नाही, पेपर नाही. विचारा हिला.”

“खरंय. पेपर मीच वाचते. यांना एक अक्षर सांगत नाही,” आजी म्हणाल्या.

“तेच तर! पेपर उघडते, ‘अगं बाई!’ म्हणते आणि घडी घालून ठेवते. मग मी दिवसभर विचार करतो, कुठे काय कोसळलं असेल!”

“आजी, आज सकाळी ‘अगं बाई!’ कशाला म्हणालात?” नर्सने विचारलं.

“शब्दकोड्यात एक घर चुकलं होतं.”

“सिस्टर, पट्टा काढू नका. पुन्हा मोजा.”