उंबऱ्यावरची नावं

— नाही हो, काही चुकलं नाही तुमचं, आत नुकती पिक्चरची सुरुवातीची नावं संपली. थांबा खुशाल तुमच्या मिसेससाठी. नावं बघतं कोण? कुणी काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं टाकून मोकळं होतं, कुणी गाडी पळवतं नि वरून नावं सोडतं, कुणी सगळी शेवटी ढकलतं — तोवर लोक पार्किंगमध्ये. मीच म्हटलं शौनकला — शौनक म्हणजे ह्या पिक्चरचा डायरेक्टर — की आपण नावं आमच्या गावात, शिरवण्यात काढू. एकेका घराच्या उंबऱ्यापुढे एकेक नाव, रांगोळीत. काढणार कोण? माझी आई — पुतळा नाव तिचं. तिला वाचता येत नाही हो, अक्षर म्हणजे तिला वेलबुट्टीच — मी कागदावर लिहून द्यायचे, ती चिमटीतून हुबेहूब सोडायची. गुडघे धरले, पण उठली नाही. शौनक 'आई, आई' करत कॅमेरा घेऊन मागे. शेवटचं नाव आमच्या दारात — तिचं स्वतःचं. मी म्हटलं, हे तुझं. बघतच बसली! आल्यागेल्याला ओलांडू देईना.

आणि आता आत — सगळे उंबरे आले. आमचा नाही आला. त्या जागी काळी पाटी, टाइप केलेली — 'शीर्षकसंकल्पना आणि रांगोळी : शौनक'. त्याला धड ठिपके मांडता येत नाहीत! पुढच्या रांगेत बसलाय, मानसुद्धा वळवली नाही. आणि आम्ही दोघं, तो नि मी, इथंच खारघरला फ्लॅट बघत — जाऊ दे, ते तुम्हाला कशाला.

आईनं हात दाबला माझा. 'आपले उंबऱ्यावरचा नाव नाय आला गो?' स्वतःचं नाव तेवढं ओळखते ना ती आता. मी काय बोलले? बोलले, 'मोठ्या माणसांचं शेवटी येतं.' नि उठून आले बाहेर. आता ती बसणार — दिवे लागले, झाडूवाले आले, तरी बसणार, पडद्याकडे बघत.

नको. मीच सांगते तिला. आत्ताच सांगते, तिथंच, त्याला ऐकू जाईल असं —

तुम्ही कुठं उठताय? नका आत येऊ एवढ्यात. त्या बघा, मिसेस आल्या तुमच्या. जा, पॉपकॉर्न घ्या आधी.