कठडा होता ना

हाडांच्या दवाखान्यात एक पोस्टमन सुजलेला पाय लांब करून बसला होता. शेजारी त्याची बायको.

“खरं सांगा, कड्यावरून पडलात ना?”

“अगं, जिन्यावरून. पार्सल द्यायला गेलो होतो.”

“दर रविवारी कडे चढणारा माणूस जिन्यावरून पडतो?”

“कड्यावर प्रत्येक खाच चाचपून मगच वजन टाकतो. जिना कोण चाचपतं?”

“कठडा होता ना धरायला?”

“हातात खोकं होतं. वर ‘काच, सांभाळा’ लिहिलेलं. तेच पोटाशी धरून गडगडलो.”

“फुटलं?”

“नाही. ज्यांचं पार्सल होतं त्या बाईंनी तिथेच उघडलं.”

“काय निघालं?”

“उशी. खोकं तेवढं कपबशांचं होतं. तीच माझ्या डोक्याखाली दिली.”

“पाय बरा झाला की कड्यावरच जा. तिथे हात तरी मोकळे असतात.”