कार्यक्रमपत्रिकेत नसलेलं नाव

आजच्या सभेच्या अध्यक्षा माननीय आउक्ये होगलंड. हे सभागृह आपल्याला देऊन शिवाय सकाळी स्वतः खुर्च्या मांडणारे पाद्रीसाहेब. व्यासपीठावर बसायला नको नको म्हणत असताना आम्ही ज्यांना जवळजवळ ओढून आणलं त्या सत्कारमूर्ती येल्ट्ये वियार्दा, म्हणजे आपल्या सगळ्यांच्या येल्ट्येबाई. पहिल्या रांगेत टोपी मांडीवर घेऊन बसलेले त्यांचे यजमान डाउवे. पियानो सुरात लावणारे आमचे वीबेकाका. आपल्या नैऋत्य फ्रीसलंड पियानो शिक्षक संघाचे सभासद, पालक, आणि मैफल संपली तरी केकच्या आशेनं थांबलेल्या बालमित्रांनो,

मी गोस्से तेर्पस्त्रा. अध्यक्षांनी मला दहा मिनिटं दिली आहेत. आम्ही लोक जन्मभर मुलांना ताल शिकवतो, पण हातात माइक आला की आमचाच ताल सुटतो. तेव्हा आउक्येताई, तुम्ही त्या ग्लासावर चमचा खुशाल वाजवा. मी ऐकेनच असं मात्र नाही.

आजच्या निमंत्रणात बाईंचा उल्लेख ‘संघाच्या कार्यात सदैव मदत करणाऱ्या’ असा आहे. खोटं नाही ते. दर वसंतातल्या मैफलीत मुलांना बाकावर बसवणाऱ्या कोण? येल्ट्येबाई. सहा वर्षांच्या मुलाला बाक किती वर हवा आणि पंधराच्या मुलीला किती खाली, हे मुलाकडे एकदा पाहून ज्यांना कळतं त्या कोण? कॉफीची भांडी, साखरेचे पाव, हरवलेले हातमोजे, रडणारी पोरं, आणि पोरांपेक्षा जास्त रडणाऱ्या आया, हे सगळं कोणी सांभाळलं? पुढच्या शनिवारी बाई आणि डाउवे गाव सोडून लेकीकडे झ्वोलेला राहायला जाणार. बाईंच्या बोटांचे सांधे सुजतात, थंडीत तर फारच. गेल्या महिन्यात त्यांनी पियानोचं झाकण लावलं आणि शिकवणं थांबवलं.

शिकवणं? मागच्या बाजूला दोन-तीन तरुण सभासदांनी एकमेकांकडे पाहिलेलं मला दिसलं. त्यांना वाटतं, बाई कॉफी करतात. त्यांचा दोष नाही. त्यांना तसं वाटावं अशी व्यवस्था मी केलेली आहे, आणि आज मी तेवढ्याचसाठी उभा आहे.

त्यासाठी तुम्हाला सत्त्याण्णवच्या जानेवारीत न्यावं लागेल. मी तेव्हा सत्तावीस वर्षांचा होतो. संगीत महाविद्यालयाची पदविका नुकतीच हातात पडलेली, आणि ती हातातून डोक्यात गेलेली. आदल्या शरदातल्या सभेत मी ठराव मांडला होता: ज्याच्याकडे पदविका नाही त्याला संघात जागा नाही, आणि संघाच्या मैफलीत फक्त सभासदांचेच विद्यार्थी वाजवतील. निकाल वसंतातल्या सभेत लागायचा होता. ठराव मोठा तात्त्विक होता हो! दर्जा, शिस्त, मुलांचं भवितव्य, सगळं काही त्यात होतं. फक्त सतरा सभासदांपैकी पदविका नसलेली व्यक्ती एकच होती, हे मी कुठे लिहिलं नव्हतं. लिहायची गरजही नव्हती. बाई चर्चच्या जुन्या वादकाकडे शिकल्या होत्या, गायींचं दूध काढून झाल्यावर, आठवड्यातून दोनदा, अकरा वर्षं. गावातली तीसएक मुलं त्यांच्याकडे यायची. संघातून नाव गेलं तर त्या मुलांना मैफल नाही. आणि ज्या बाईंची मुलं मैफलीत नाहीत त्यांच्याकडे पालक मुलं किती दिवस पाठवणार?

आता आमची पडद्याची सकाळ. नव्या पालकांसाठी सांगतो. दर जानेवारीत मुलं पडद्यामागे वाजवतात आणि आम्ही शिक्षक पडद्याच्या अलीकडे पेन्सिली घेऊन बसतो. मूल कोणाचं, शिक्षक कोण, काही कळत नाही, फक्त क्रमांक कळतो. प्रत्येकानं चिठ्ठीवर एक गुण आणि एक दोष लिहायचा, नाव न घालता. मग चिठ्ठ्या ज्याच्या त्याच्या शिक्षकाकडे जातात. वीबेकाकांनाही मान म्हणून चिठ्ठ्या देतो. ते गेली चाळीस वर्षं प्रत्येक चिठ्ठीवर ‘पियानो उत्तम लागला आहे’ असं लिहितात. हसू नका, पियानो खरंच उत्तम लागलेला असतो.

त्या वर्षी पडद्याच्या सकाळी कालवे गोठले होते. पक्के गोठले होते. आपल्याकडे बर्फ धरला की काय होतं हे मी तुम्हाला सांगायला नको. शाळा ओस, दुकानं ओस, एका ठिकाणी तर म्हणे नवरदेवही उशिरा आला. अकरा मुलांपैकी सातच आली होती. आम्ही आपले कोटात गुरफटून, अकरा-अकरा चिठ्ठ्या घेऊन बसलेलो. क्रमांक चार गाळला, पाच गाळला. मग सचिवांनी पुकारलं, ‘क्रमांक सात’. पडद्यामागे जरा वेळ काहीच नाही. मग बाक सरकल्याचा आवाज आला आणि वाजवणं सुरू झालं.

मी काय लिहिलं ते मला तोंडपाठ आहे. ‘तालाचं भान नाही. डावा हात लाकडी. मुलाला सुट्टी द्यावी, आणि त्याला शिकवणाऱ्यालाही.’ गुण एकही लिहिला नाही. आणि खाली सही केली. निनावी लिहिणं मला भित्रेपणाचं वाटायचं. शूर माणूस होतो मी!

कॉफीच्या वेळी बाई माझ्याजवळ आल्या. हातात माझी चिठ्ठी.

म्हणाल्या, “गोस्से, डावा हात लाकडी म्हणजे नेमकं काय रे? दाखवशील?”

मी म्हटलं, “मुलाला पाठवा बाई, दाखवतो.”

“मुलगी बर्फावर आहे.”

“म्हणजे?”

“फ्राउक्येचा नंबर होता. ती सकाळीच स्केट घेऊन पळाली. वाजवलं मी.”

मी विचारलं, “का पण?”

“मुलं आत-बाहेर करायला मी पडद्यामागे होतेच. बाक रिकामा दिसला. म्हटलं, एवढी शिकलेली माणसं पेन्सिली घेऊन बसली आहेत. आपल्याला कोणी कधी सांगितलंच नाही आपण कसं वाजवतो ते. आज कळेल.” मग चिठ्ठी घडी करून स्वेटरच्या खिशात घातली. “बाकीच्यांनी गोड गोड लिहिलंय. उपयोगाचं तू एकट्यानंच लिहिलंस. गुरुवारी सकाळी मोकळा असतोस?”

मंडळी, त्या गुरुवारपासून दोन वर्षं, माझ्याहून एकवीस वर्षांनी मोठी बाई सायकल मारत माझ्याकडे शिकायला येत होती. डावा हात सुटला त्यांचा. छान सुटला. आणि माझं काय सुटलं? पहिल्याच महिन्यात बाईंनी माझी एक शिकवणी दारातून पाहिली. मूल गेल्यावर म्हणाल्या, “तू त्याच्या बोटांकडे बघतोस. चेहऱ्याकडे कधी बघणार? तो दहा मिनिटं रडू आवरून वाजवत होता.” माझ्याकडे तेव्हा चार विद्यार्थी होते, उन्हाळ्यापर्यंत दोन झाले असते. आज पंचवीस आहेत. कोणी कोणाला शिकवलं म्हणायचं?

हो आउक्येताई, ऐकला चमचा. पण मुख्य गोष्ट अजून राहिली आहे.

ठरावाचं काय झालं? मी तो मागे घ्यायला निघालो होतो. बाई म्हणाल्या, “माझ्यासाठी मागे घेणार असशील तर गुरुवारचं दार मला उघडू नकोस. नियम बरोबर आहे. मुलांना जाणतं माणूस मिळायला हवं.” मी ऐकलं. खरं सांगू? मला सुटल्यासारखं वाटलं. आपण मांडलेलं आपणच मागे घ्यायचं म्हणजे सगळ्यांसमोर तोंडावर पडणं. वसंतातल्या सभेत हात वर झाले. विरोधात आठ. बाजूनं नऊ, आणि त्यातला नववा हात येल्ट्येबाईंचा. सभा संपली तेव्हा त्या सभासद नव्हत्या. त्या उठल्या आणि कप गोळा करायला लागल्या.

मग मुलांचा प्रश्न आला. बाईंच्या आठ मुलांनी मैफलीची तयारी केलेली. मीच सुचवलं, “या वर्षापुरतं माझं नाव घाला. माझे विद्यार्थी म्हणून वाजवू देत.” बाई लगेच हो म्हणाल्या. मुलांना वाजवायला मिळतंय ना, झालं तर मग! ‘या वर्षापुरतं’ हे शब्द मी वापरले होते. पुढच्या वर्षी पुन्हा तेच केलं. त्याच्या पुढच्या वर्षी मी विचारलंही नाही, छापायलाच दिलं.

दुपारच्या मैफलीची कार्यक्रमपत्रिका तुमच्या हातात आहे. उघडा जरा. दुसरं पान. तीन, चार, आठ, नऊ, बारा आणि चौदा, या सहा मुलांपुढे ‘शिक्षक: गो. तेर्पस्त्रा’ असं छापलंय. ती माझी नाहीत. मैफलीच्या आदल्या आठवड्यात वीस मिनिटं येऊन गेली, तेवढीच माझी. अशी एकूण एकशे बारा मुलं झाली. हा आकडा मी काल रात्री बसून काढलेला नाही, दरवर्षी मनातल्या मनात मोजत आलोय. गावातल्या पालकांना हे माहीत होतं, मुलांना माहीत होतं. बाईंनी गप्प राहा म्हटलं म्हणून सगळे गप्प राहिले. माहीत नव्हतं ते फक्त आपल्या संघाला. जुन्या सभासदांना वाटलं, बाईंची मुलं आता माझ्याकडे शिकतात.

चार वर्षांपूर्वी याच सभागृहात तुम्ही मला मानपत्र दिलंत. ‘ज्यांचे तीन विद्यार्थी संगीत महाविद्यालयात दाखल झाले’ असं त्यात लिहिलंय. ते तिघेही बाईंचे. मी भाषण केलं. बायकोचे आभार मानले, वीबेकाकांचे मानले, माझ्या पियानोचेसुद्धा मानले. बाई त्या तिथे, दाराशी, कपांचा ट्रे घेऊन उभ्या होत्या आणि टाळ्या वाजवता येत नव्हत्या म्हणून मान हलवत होत्या. मला लाज वाटली. फार लाज वाटली. पण त्या दिवशी मी बोललो नाही, आणि त्यानंतरच्या तीनही मैफलींत बोललो नाही. ज्याला निनावी चिठ्ठी भित्रेपणाची वाटायची तो हाच माणूस!

बाई, तुम्ही डोळ्यांनी मला बस म्हणून खुणावताय. नाही बसणार. डाउवे, तुम्ही तरी सांगा त्यांना. काय म्हणालात? “इतकी वर्षं मी सांगतोय, माझं कुठे ऐकते?” ऐकलंत ना मंडळी.

तर मानपत्र मी आज सकाळी अध्यक्षांच्या टेबलावर ठेवलंय. त्यावर नाव कोणाचं घालायचं ते संघानं ठरवावं. तुमच्याकडे पेन असेल तर दुसऱ्या पानावर ती सहा नावं दुरुस्त करा. ‘वियार्दा’ असं लिहा. मुलांनो, तुम्ही आधी लिहा, तुम्हाला स्पेलिंग नीट येतं.

आणि एक राहिलं. संघाच्या घटनेप्रमाणे मैफलीच्या दिवशी अध्यक्षांच्या परवानगीनं ठराव मांडता येतो. आउक्येताई? परवानगी आहे? आभारी आहे. ठराव असा: सत्त्याण्णव साली गोस्से तेर्पस्त्रा यांनी घातलेलं पदविकेचं कलम रद्द करावं, आणि येल्ट्ये वियार्दा यांना आजपासून आजीव सभासद करून घ्यावं. सभासदांनी हात वर करावेत.

एक, दोन... पाच... मागचेही... वीबेकाका, तुम्ही सभासद नाही, खाली घ्या. बरं, राहू दे. एकवीस. सगळे एकवीस.

विरोधात कोणी?

हा एक हात वर आहे. बाईंचा.

काय म्हणता बाई, जरा मोठ्यानं. “नियम तो नियम. सोयीनं बदलायचा नसतो.”

सचिव, थांबा, लिहू नका. हा हात मोजता येणार नाही. मतदानाच्या वेळी बाई सभासद नव्हत्या. ठराव मंजूर! आता आहेत. यापुढे त्यांना विरोध करायचा असेल तर तो मोजावा लागेल, आणि त्या करतील याची मला खात्री आहे.

आपण सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतलंत, अध्यक्षांनी दहाच्या सतरा मिनिटांकडे कानाडोळा केला, पाद्रीसाहेबांनी सभागृह दिलं, सर्वांचा मी ऋणी आहे. बोलताना कोणाचा मान राखायचा राहिला असेल, कोणाचं नाव सुटलं असेल, तर सभेनं मोठ्या मनानं सांभाळून घ्यावं. पण जे एक नाव सव्वीस वर्षं सुटलं त्याची माफी सभेकडे मागून चालणार नाही. ती ज्यांच्याकडे मागायची त्या इथे चार पावलांवर बसल्या आहेत. माइक खाली ठेवतो आणि तिकडे जातो.