घोंगडीखालची आई

ता. १४ ऑगस्ट १९३१, शुक्रवार, दुपारचे तीन वाजून चाळीस मिनिटे. सोलापुरात ईरप्पांच्या फोटो स्टुडिओत मी फोटो काढायला होतो आणि माझ्या कॅमेऱ्यापुढे तिघेच होते: सांगोल्याकडच्या गोजाबाई, त्यांची सून चिमाबाई आणि आठ महिन्यांचा नातू. बाहेर आभाळ भरले होते. मूल स्थिर राहावे म्हणून सुनेला काळ्या घोंगडीखाली झाकून बसवले होते व मूल तिच्या मांडीवर होते.

“मावशी, फोटो उमटतो त्या तीन काचा वाया गेल्या. उजेड कमी आहे. मी दोन आकडे मोजेपर्यंत मूल हलता कामा नये.”

“एवढंसं पोर, त्ये काय दगडाचं हाय व्हय?”

“आज माझ्याकडे एकच काच उरली आहे.”

“मग नीट काढा की. ल्योक पलटणीत हाय, क्वेट्याला. त्यानं पोराचं तोंड बगितलं न्हाय. त्येचा सोबती उद्या माघारी चाललाय, त्येच्या हाती फोटू धाडायचाय.”

“खुळखुळा वाजवला, तरी हे सारखे मागेच वळते.”

“आईला हुडकतंय त्ये. चिमे, काढ ती घोंगडी.”

“आत्याबाई, मग मीबी येईन की फोटूत.”

“ये की. वरीस झालं, त्यानं तुलाबी बगितलं न्हाय. आदी घाम पूस.”

“बाई, आता तुम्हीही हलू नका. एक... दोन.”

मी काच धुऊन पाहिली. तिच्यावर दोन चेहरे स्पष्ट आले.